ऑटो क्लेम्पेरर म्हणजे फक्त 'स्लो' नाही

यूट्यूबवर क्लेम्पेररचा, म्हणजे या जर्मन कंडक्टरने ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेला बीथोव्हेन लावला की खाली हमखास कोणीतरी लिहिलेलं असतं, किती स्लो आहे हे, म्हातारा मधेच झोपला का काय. मला याचा मनापासून राग येतो. संथ आहे, नाही कोण म्हणतंय, पण तो माणूस म्हणजे एवढंच नाही हो, आणि विलंबित ख्याल मन लावून ऐकणाऱ्या आपल्या लोकांनी तरी संथ म्हणून कोणाला नावं ठेवू नयेत.

जन्म १८८५चा, ब्रेस्लाऊचा (हे शहर आता पोलंडमध्ये आहे), घर ज्यू, बालपण हॅम्बुर्गला, शिक्षण फ्रँकफुर्ट आणि बर्लिनला. १९०५मध्ये बर्लिनला संगीतकार माहलरची दुसरी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) होती, तिच्यात स्टेजच्या मागून वाजणारा एक बँड असतो, तो सांभाळायचं काम या विशीतल्या पोराला मिळालं, आणि ऐकायला खुद्द माहलर. मग याने त्या सिंफनीचं पियानोसाठी रूपांतर केलं आणि व्हिएन्नाला जाऊन त्यातला स्केर्झो नावाचा भाग माहलरला पाठ वाजवून दाखवला, तेव्हा माहलरने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर शिफारस लिहून दिली, आणि त्यावर प्रागच्या जर्मन थिएटरात नोकरी लागली. ते कार्ड त्याने जन्मभर जपलं.

पुढची वीस वर्षं या गावातून त्या गावात, हॅम्बुर्ग, बार्मेन, स्ट्रासबुर्ग, कोलोन, वीसबाडेन. मला खरं बोलायचंय ते क्रोलबद्दल.

बर्लिनचं क्रोल ऑपेरा, १९२७ ते १९३१. इथे तिकिटांचा मोठा वाटा फोक्सब्यूनंच्या सभासदांना जायचा, म्हणजे कामगार आणि साध्या नोकरदार माणसांच्या नाट्यसंस्थेला, आणि त्यांच्यासमोर क्लेम्पेरर काय करत होता तर स्ट्राव्हिन्स्की, हिंडेमिथ, शोएनबर्ग, यानाचेक, सगळं त्या काळातलं ताजं संगीत, जे ऐकून मोठमोठ्या रसिकांचीही पंचाईत व्हायची. जुनं केलं तरी जुन्यासारखं नाही. १९२९ला वाग्नरचं 'फ्लाइंग डचमन' हे ऑपेरा केलं ते १८४३चं मूळ खडबडीत रूप घेऊन, स्टेजवरची नेहमीची सजावट काढून टाकली, डचमनची दाढीसुद्धा काढली, खलाशी अगदी आजच्या बंदरावरचे वाटावेत असे. उजव्या पेपरांनी आकाशपाताळ एक केलं. १९३१ला क्रोल बंद झालं, कारण दिलं पैशांचं, पण त्यामागचं राजकारण कोणापासून लपलेलं नव्हतं.

आणि पुढचं ऐका. १९३३च्या फेब्रुवारीत राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली, मग संसद भरवायला जागा कुठली निवडली तर हीच क्रोलची इमारत. हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा २३ मार्चला तिथेच पास झाला. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत क्लेम्पेरर जर्मनी सोडून गेला होता.

अमेरिकेत लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा मिळाला (तोच, जो पुढे १९६२मध्ये आपल्या मुंबईच्या झुबिन मेहताकडे आला). तिथे निर्वासित होऊन आलेल्या शोएनबर्गकडे हा, इतका नावाजलेला कंडक्टर, विद्यार्थी होऊन शिकायला जायचा. शोएनबर्गने ब्राम्सच्या पियानो क्वार्टेटला (पियानो धरून चारच वाद्यांची रचना) ऑर्केस्ट्राचं रूप दिलं, त्याचा १९३८चा पहिला प्रयोग क्लेम्पेररनेच केला.

आणि १९३९ला ब्रेन ट्यूमर. ऑपरेशनमध्ये जीव वाचला पण उजवी बाजू लुळी पडली, जिभेवरही परिणाम झाला. मॅनिक डिप्रेशन, ज्याला आज बायपोलर म्हणतात, ते आधीपासून होतंच, ते आता उफाळून आलं. १९४१मध्ये तो एका सॅनिटोरियममधून निघून गेला तर पेपरात बातमी छापून आली, कामं बंद झाली, कोण बोलावणार? युद्धानंतर बुडापेस्टच्या ऑपेराने बोलावलं, तिथे १९४७ ते ५० जीव ओतून काम केलं. १९५१ला माँट्रियलच्या विमानतळावर पडून कंबरेचं हाड मोडलं, मग खुर्चीवर बसून कंडक्ट करायचं. पुढे अमेरिकन पासपोर्टचा घोळ, दोन वर्षं तिथून बाहेर पडता येईना. १९५८ला अंथरुणात पाइप ओढताना आग लागून भयानक भाजला. परत आला, आणि लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राने १९५९ला त्याला आजन्म प्रमुख कंडक्टर केलं. १९६४ला त्याचे संस्थापक वॉल्टर लेग यांनी तो ऑर्केस्ट्रा गुंडाळायचं जाहीर केलं तर वादकांनी स्वतःच उभं राहून न्यू फिलहार्मोनिया काढला, आणि म्हातारा त्यांच्या बाजूने उभा राहिला.

तर लोक म्हणतात शरीर थकलं म्हणून लय संथ झाली. थोडंफार खरं असेलही. पण १९५१चं ॲमस्टरडॅमचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, माहलरची दुसरी, कॅथलीन फेरियर गातेय, काय धावतोय तो! पुढे फिलहार्मोनियाबरोबर केलेली तीच सिंफनीसुद्धा एका सीडीत बसते, कित्येकांना दोन लागतात. म्हणजे लय हा मुद्दाच नाही, मुद्दा आहे स्वच्छ दिसण्याचा. पहिली व्हायोलिनं डावीकडे, दुसरी उजवीकडे, ओबो-क्लॅरिनेट-बासून पुढे आणलेले, कोणी कोणाखाली दबत नाही. भावना वरून ओतायची नाही, जे लिहिलंय ते उघडं करायचं. हेच तो क्रोलमध्ये करत होता आणि लंडनमध्येही हेच केलं, म्हणून मला 'तरुण बंडखोर' आणि 'म्हातारा संथ' अशी दोन माणसं दिसतच नाहीत.

एक गोष्ट फारच कमी लोकांना माहीत असते, तो स्वतःला संगीतकारही मानायचा, मनापासून. सहा सिंफनी, नऊ स्ट्रिंग क्वार्टेट, एक ऑपेरा, शंभरच्या आसपास गाणी. जग त्याला बीथोव्हेनसाठी बोलवत राहिलं आणि तो हॉटेलात, आजारपणात स्वतःचं लिहीत राहिला. १९७१ला शेवटची कॉन्सर्ट, १९७३ला झुरिकमध्ये गेला, आणि ती पानं आजही क्वचितच वाजतात, हे मला अजिबात पटत नाही. 'मेरी वॉल्ट्झ'पासून सुरुवात करा, त्याच्याच 'दास त्सील' या ऑपेरातला तुकडा आहे, फिलहार्मोनियाबरोबर त्यानेच रेकॉर्ड केलेला, छोटासा आहे आणि मजेशीर आहे, मग दुसरी सिंफनी घ्या, तीही त्यानेच न्यू फिलहार्मोनियाकडून वाजवून घेतलीय.