साचा पटकन सुटतोय

पंधरवडाभर मी लोखंडाच्या भुकटीवर खार खाऊन होते.

भोसरीत आमच्याकडे यंत्रांची थरथर शोषणाऱ्या रबरी गाद्या बनतात. एका जातीत सिलिकॉनमध्ये वजनाने 70 टक्के कार्बोनिल लोखंड असतं, साधारण 5 मायक्रॉनचे गोल कण. कॉइलमध्ये करंट सोडला की ती चुंबक होते आणि गादी कडक, बंद केला की मऊ. पण किती कडक, ते साच्यातच ठरतं. रबर पातळ असतानाच साच्याला वरून-खालून नियोडिमियमचे चुंबक लावायचे. कण एकावर एक रांगेत उभे राहतात आणि रबर तसंच त्यांना धरून बसतं. चांगल्या तुकड्याची कापलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली कंगव्याने विंचरल्यासारखी दिसते. मी ती उगाचच बघत बसते.

गाद्या 60 टक्क्यांनी कडक व्हायच्या. मग 48, 35, 22. कापून पाहिलं तर कण तिळाच्या वडीतल्या तिळांसारखे, कसेही. खरेदीवाल्यांनी लगेच पुरवठादाराला झाडणारा मेल टाकला (त्यांना तेवढंच येतं), आणि मीही मान डोलावली. नवी भुकटी आली. 21.

साचे भरणारे मामा मध्यंतरी दोनदा म्हणाले होते, "मॅडम, साचा हल्ली पटकन सुटतोय. आधी लाकडी पाचर ठोकावी लागायची." मी म्हटलं, बरंय की मामा, बोटं वाचली.

त्या रात्री झोपेत पाचर आठवली. साचा घट्ट धरून ठेवणारे ते चुंबकच होते. सकाळी गॉसमीटर, म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं यंत्र, लावला: दोन चुंबकांच्या मधे 0.31 टेस्ला असायचं, ते 0.17 वर आलेलं. ऑर्डरची घाई म्हणून रात्रभर टेबलावर जमणारं रबर आम्ही ओव्हनमध्ये घालायला लागलो होतो, चुंबकांसकट. आधी 85 अंश, मग 100, मग 120. साध्या ग्रेडचं नियोडिमियम 80 अंशांच्या वर टिकत नाही, आणि गेलेला जोर थंड झाल्यावर परत येत नाही. हे मी नव्या पोरांना शिकवते!

150 अंश सोसणारे चुंबक मागवले. मामांनी पाचर शोधून काढली. तरी आकडा 51 वरच. 120 अंशांना रबर इतकं भरभर घट्ट होतं, की कणांना रांगेत यायला वेळच मिळत नाही. अर्धा तास चुंबकाखाली थंडच ठेवून मग ओव्हनमध्ये घालू, असं मी सुचवलंय. वरचे म्हणतात, 51 चालतंय. पुरवठादाराला मात्र अजून कुणी उलट मेल केलेला नाही. मीही नाही.