आषाढातलं बाळंतपण

बुधवार. गाभणपणाचा २८वा दिवस

आज पिंजऱ्यात विण्याची पेटी ठेवली. सशाची मादी ३० ते ३२ दिवसांत विते, म्हणून २८वा दिवस चुकवायचा नाही. फार आधी ठेवली तर ती पेटीचाच संडास करते. उशीर झाला तर पिल्लं थेट जाळीवर पडतात. पेटी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पुढची फळी सहा इंचांवर कापलेली. एवढ्यावरून आईला उडी मारता येते आणि आंधळ्या पिल्लांना बाहेर सरपटता येत नाही. तळाला चार-पाच भोकं, लघवी मुरायला. आतून रंग लावायचा नाही, ती फळ्या कुरतडते.

आषाढात पेटीला ऊन कुठून दाखवणार? उकळतं पाणी ओतून चुलीजवळ वाळवली. खाली दोन बोटं लाकडाचा भुसा, वर भाताचं पिंजर, हातानं चोळून मऊ केलेलं. उसाचा पाला गावात फुकट मिळतो, पण त्याच्या कडा नागड्या कातडीला चिरतात. कापूस आणि गोणपाटाचे धागेही नकोत. धागा पायाला गुंडाळला की रक्त तुटतं आणि पाय काळा पडतो.

शुक्रवार. ३०वा दिवस

दुपारपासून गळ्याखालचे आणि पोटाचे केस उपटून पेटीत नेतेय. तोंडात पिंजराचा झुपका, मिशीसारखा. आज ना उद्या विणार.

नेमकी आज कोल्हापुरातल्या त्र्यंबोली देवीची यात्रा. गल्लीतून पी-ढबाक वाद्यांच्या दणदणाटात देवीला वाहायचं पंचगंगेचं नवं पाणी निघालं. अशा आवाजाला मादी मागचे पाय आपटते, घाबरून पेटीत उडी घेते, आणि पिल्लं झालेली असली तर ती तिच्याच पायाखाली सापडतात. विण्याच्या तोंडावर पिंजरा हलवणं त्याहून वाईट. म्हणून तीन बाजूंना गोणपाट सोडलं, हवेसाठी समोरची बाजू उघडी ठेवली. पाण्याचं भांडं काठोकाठ. विताना तहानलेली किंवा बिथरलेली मादी पिल्लं खाते, त्यात पाण्याचा भाग मोठा असतो.

शनिवार. पहिला दिवस

पहाटे व्याली. पेटीवर केसांचा ढीग, आणि तो आतून हलतोय. तिला मूठभर कोथिंबीर देऊन एका कोपऱ्यात गुंतवलं, हात पेटीतल्या पिंजरावर चोळले आणि मोजलं : सात जिवंत, एक मेलेलं. मेलेलं आणि वारेचे तुकडे लगेच काढले.

माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, असं सगळीकडे सांगतात. माणसाळलेली मादी टाकत नाही. या समजुतीपायी कुणी पेटीत डोकावत नाही, मेलेलं पिल्लू आत कुजतं आणि बाकीची जातात, याचं फार वाईट वाटतं.

एक पिल्लू पेटीबाहेर सापडलं, दगडासारखं गार. मांजर पिल्लू तोंडात धरून परत आणते, ससा आणत नाही. आचळाला लोंबकळत बाहेर आलेलं पिल्लू तिथंच गारठून मरतं. गार पिल्लाला दूध पाजायचं नाही, त्याला ते पचत नाही. आधी ऊब : मुठीत, मग फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी. गुलाबी होऊन वळवळायला लागलं तेव्हाच भावंडांच्या मधोमध ठेवलं. केसांच्या आत ३० ते ३५ अंशांची ऊब लागते.

पिंजऱ्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. पावसात तांबड्या मुंग्या कोरडी जागा शोधतात आणि एका रात्रीत पेटी रिकामी करतात.

सोमवार. तिसरा दिवस

‘आई पिल्लांजवळ जातच नाही’ ही सर्वांत मोठी भीती. ससा पिल्लांवर बसत नाही. दिवसातून एकदा, बहुधा रात्री किंवा पहाटे, तीन-चार मिनिटं पाजतो आणि निघून जातो. सतत जवळ बसलं तर शिकाऱ्याला घरटं कळतं, म्हणून निसर्गानंच असं ठेवलंय. उत्तर पिल्लाच्या पोटावर लिहिलेलं असतं : सकाळी पोट लिंबासारखं टम्म आणि पातळ कातडीतून पांढरं दूध दिसलं की काही करायचं नाही. कातडी सुरकुतलेली आणि हात नेताच पिल्लं उसळी मारत असतील तर उपाशी आहेत.

सगळीच उपाशी असतील तर मादीला उचलून पेटीत ठेवायचं आणि पाठीवर हात ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. बहुतेक माद्या एवढ्यावर पाजतात. आचळं साधारण आठ. त्याहून जास्त पिल्लं असतील तर त्याच दोन दिवसांत व्यालेल्या दुसऱ्या मादीखाली, तिच्या केसांत घोळवून, घालावीत. गाईचं दूध हा शेवटचाही उपाय नव्हे, सशाच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश त्याच्या तिपटीहून जास्त. आणि कधीही उताणं धरून पाजू नका, दूध फुप्फुसात जातं.

बुधवार. पाचवा दिवस

अंगावर मखमली लव आली. मादीची आचळं चाचपली : मऊ, कोमट. गरम, कडक, निळसर गाठ लागली तर काससुजी समजून त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा. घरातलं माणसांचं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देऊ नये. सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि हगवणीनं मादीच जाते.

खुराक पहिले दोन दिवस कमी ठेवला होता, आता पोटभर. पाणी दिवसाला लिटरभर लागतं. पावसात भिजलेली वैरण तशीच टाकली तर पोट फुगतं. लसूणघास आदल्या दिवशी कापून, पसरून, सुकवून घालायचा. नर वेगळाच राहू दे. व्याल्यावर काही तासांतही मादी पुन्हा गाभण राहते.

मंगळवार. ११वा दिवस

सहांचे डोळे उघडले. सातव्याचे चिकटलेले. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसले, पापण्या सावकाश सुटल्या. बाराव्या दिवसानंतरही बंद राहिले तर आत पू साठून डोळा जातो.

बुधवार. १९वा दिवस

सगळी बाहेर. आईच्या ताटलीतून गोळी पेंड कुरतडतात, तिच्या लेंड्याही चाखतात. तेही लागतं, पोटात पचनाचे जंतू येतात. मात्र ओलाव्यात कॉक्सिडिया, हगवण लावणारा आतड्यातला परजीवी, फोफावतो. म्हणून जाळीखालचा ट्रे रोज साफ, आणि हगवण दिसली की लेंडी तपासून मगच औषध. पिल्लं पस्तिसाव्या दिवशी दुधावरून तोडायची; तेव्हा आईला हलवायचं, पिल्लं ओळखीच्या पिंजऱ्यातच ठेवायची. पेटी ओलसर होऊ लागलीय. शुक्रवारी काढायची.