‘स्टारी नाइट’च्या मागावर: आर्ल आणि सां-रेमी

व्हॅन गॉगचं ‘द स्टारी नाइट’ रंगवलं गेलं दक्षिण फ्रान्समध्ये, पण 1941 पासून त्याचा मुक्काम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे मोमामध्ये आहे. तरीही आधी आर्ल आणि सां-रेमी करावं, मग चित्र पाहावं, आणि गावंही याच क्रमाने घ्यावीत. सप्टेंबर 1888 मध्ये आर्लला त्याने रात्रीच्या आकाशाखाली उभं राहून रंगवण्याचा ध्यास घेतला होता. नऊ महिन्यांनी सां-रेमीच्या मनोरुग्णालयात रात्री बाहेर पडायची सोयच उरली नाही, तेव्हा तो आठवणीतून रंगवू लागला. हा फरक जागेवर उभं राहिलं की लख्ख कळतो. मोबाइलमधलं होकायंत्र मात्र हाताशी ठेवा.

पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनावरून आविन्यों टीजीव्ही स्टेशन वेगवान टीजीव्ही गाडीने साधारण 2 तास 40 मिनिटं. इथे नवख्यांची हमखास गल्लत होते: आविन्योंला दोन स्टेशनं आहेत. टीजीव्हीचं शहराबाहेर, तर आर्लची लोकल गाडी आविन्यों सांत्रवरून. दोन्ही स्टेशनांना जोडणारी छोटी गाडी पाचेक मिनिटांत पोचवते, पण फलाट शोधण्यासकट अर्धा तास हाताशी ठेवूनच पुढचं तिकीट काढा. सांत्रहून आर्ल वीसेक मिनिटांवर. पॅरिसमध्ये एक संध्याकाळ मोकळी असेल तर ऑर्से संग्रहालयात व्हॅन गॉगने आर्लला रंगवलेलं ‘रोन नदीवरची चांदणी रात्र’ आधी पाहून घ्या. संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं.

आर्लमध्ये फोरम चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं की त्याच्या ‘रात्रीची कॅफे टेरेस’ या चित्राची चौकट जुळते. भिंतीचा पिवळा रंग मात्र चित्राबरहुकूम अलीकडे दिलेला. 1888 मध्ये तो पिवळेपणा गॅसच्या दिव्याचा होता. त्यामुळे भर दुपारी ती पिवळी भिंत पाहून काहीच हाती लागत नाही. दिवे लागल्यावरच जा.

खरी मेजवानी नदीकाठी आहे. लामार्तीन चौकातून धक्क्यावर जायला दोन मिनिटं लागतात. या चौकातलं त्याचं ‘पिवळं घर’ 25 जून 1944 च्या बाँबफेकीत उद्ध्वस्त झालं, मागची उंच इमारत अजून आहे. धक्क्यावर सूर्यास्तानंतर चाळीसेक मिनिटांनी पोचा, म्हणजे पाण्यात दिव्यांचे लांब पट्टे उतरलेले असतात. आता होकायंत्र काढा. ‘रोन नदीवरची चांदणी रात्र’ची दिशा नैर्ऋत्य, आणि वर आकाशात आहेत सप्तर्षी! सप्तर्षी उत्तरेला असतात, म्हणजे ते पाहायला त्याला पुरतं वळावं लागलं असणार. समोर उभं राहून रंगवतानाही तो आकाश उचलून हवं तिथे ठेवत होता. नऊ महिन्यांनंतरच्या ‘स्टारी नाइट’ची किल्ली इथेच आहे. फोटो काढणाऱ्यांनी मिस्त्राल वाऱ्याचा अंदाज पाहून जावं. उत्तरेकडून येणारा हा वारा सुटला की ट्रायपॉड थरथरतो आणि लांब एक्स्पोजरचे सगळे फोटो हलतात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवू नका, मधल्या दांड्याला पिशवी टांगा.

सां-रेमीला रेल्वे नाही. आविन्यों सांत्रशेजारच्या बसस्थानकावरून बस मिळते, अंतर वीसेक किलोमीटर. रविवारी फेऱ्या विरळ, आणि बुधवारी आठवडी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. गावातून दक्षिणेला वीस मिनिटं चाललं की सां-पोल-द-मोझोल हे मनोरुग्णालय. 8 मे 1889 रोजी व्हॅन गॉग इथे स्वतःहून दाखल झाला आणि वर्षभर राहिला. मनोरुग्णांवर इथे आजही उपचार होतात, म्हणून हलक्या आवाजात बोला आणि खुणेच्या पलीकडे जाऊ नका. वरच्या मजल्यावर दाखवतात ती खोली पुनर्रचना आहे, मूळ खोली पाहायला मिळत नाही. पण खिडकीतून बाहेर पाहण्यासाठी तरी वर जाच.

त्याची खिडकी पूर्वेला होती, गजांची. समोर भिंतीने वेढलेलं गव्हाचं शेत, उजव्या हाताला आल्पीय टेकड्या. सूर्योदयाच्या बराच आधी तिथून फक्त शुक्राची चांदणी दिसली, फार मोठी, असं त्याने भावाला, थिओला लिहिलं. ‘स्टारी नाइट’मध्ये सायप्रसच्या उंच झाडाच्या लगेच उजवीकडे जी पांढरी चांदणी आहे ती हीच मानतात. चंद्रकोर मात्र खरी नव्हे: चित्र रंगवलं तेव्हा, 18 जून 1889 च्या सुमारास, पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते. आणि ते गाव? सां-रेमी इथून उत्तरेला, म्हणजे खिडकीच्या डावीकडे, नजरेच्या पूर्ण बाहेर. चर्चचा टोकदार कळस तर प्रोव्हान्सचा वाटतच नाही, त्याच्या डच मुलखातला वाटतो. हे सगळं त्याने तळमजल्यावरच्या स्टुडिओत, दिवसा, 73.7 बाय 92.1 सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर जुळवलं. पुढे नोव्हेंबरमध्ये चित्रकार मित्र एमिल बर्नारला लिहिताना त्याने याला अपयशातच जमा केलं. चांदण्या फार मोठ्या झाल्या, असं त्याला वाटत होतं.

जूनमध्ये गेलात तर सूर्योदय सहाच्या आसपास होतो. संस्थेचा दरवाजा तेव्हा बंद असतो, त्यामुळे शुक्र पाहायचा तो समोरच्या रस्त्यावरून, पाचच्या आधी. पण शुक्र दरवर्षी पहाटेचा नसतो. 2028 च्या जुलैत तो पूर्वेला ठळक असेल. 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात आल्पीयच्या पायवाटा वणव्याच्या धोक्यामुळे एखाद्या दिवशी बंद ठेवतात. आदल्या संध्याकाळी जिल्हा प्रशासनाचा नकाशा तपासा. सां-पोलही हिवाळ्यात काही आठवडे बंद असतं.

शेवटी मोमा. न्यू जर्सीच्या मराठी मंडळींनी लक्षात घ्यावं: शुक्रवार संध्याकाळचा मोफत प्रवेश फक्त न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना आहे. सकाळी साडेदहाला दार उघडताच थेट पाचव्या मजल्यावर जा. चित्र दुसरीकडे प्रदर्शनाला गेलेलं नाही ना, हे आधी संकेतस्थळावर पाहा. जवळ गेलात की टेकड्यांच्या आणि घरांच्या कडा न्याहाळा. फटकाऱ्यांच्या मधून कोरा कॅनव्हास डोकावतो. आकाशात अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट ब्लू आहेत. चंद्र-चांदण्यांत झिंक यलोसोबत इंडियन यलो. 1883 च्या एका नोंदीनुसार हा रंग बिहारमध्ये मुंगेरजवळ, आंब्याची पानं खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून करत.