तेरा नंबरचा पाना

व्हॅनमधून फिरत काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं रोज नवीन ओळखी, संध्याकाळी शेकोटी, गिटार वगैरे. खरं सांगू का, त्या तळ्याकाठी मी चार दिवस उभा होतो आणि शेजारच्या व्हॅनवाल्यांशी संबंध काय, तर काचेतून हात वर करायचा, बास. माझं काम सबटायटल्सचं, दिवसभर कानात हेडफोन, आणि साइडचा दरवाजा उघडला की स्क्रीनवर ऊन येतं म्हणून तो कायम लावलेला. आता व्हॅनवाल्यांत दरवाजा उघडा म्हणजे या आणि लावलेला म्हणजे नको, हे कोणी बोलून दाखवत नाही पण बहुतेक जण पाळतात. माझं आपलं चार दिवस नकोच चालू होतं.

पाचव्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर ओरडायला लागला. दुपारी २ ला फाइल द्यायची होती आणि लॅपटॉपची स्वतःची बॅटरी कधीच म्हातारी झालीये, प्लग काढला की जेमतेम २५ मिनिटं. इन्व्हर्टरवर आकडा १०.७ व्होल्ट. म्हटलं गेली व्हॅनची बारा व्होल्टची बॅटरी. पण प्लग काढून सोलर कंट्रोलरवर (सोलर पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणारा डबा) बघितलं तर १२.५, म्हणजे बॅटरीत जीव आहे, आणि लॅपटॉप लावला की परत टीं टीं टीं. दोन-तीनदा हेच करून बघितलं (चौथ्यांदा केल्यावर सुधारेल अशी एक आशा असतेच ना), मग गेलो शेजारच्या व्हॅनकडे. दारात एक काका खुर्ची टाकून बसलेले. मी सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही, हिला विचार."

काकू मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, घेऊनच उतरल्या. ३१ वर्षं टेलिफोन लाइनचे फॉल्ट शोधायचं काम केलेलं, हे नंतर कळलं. पहिलं वाक्य काय, तर "अंगठी काढ." पाना आणि अंगठी एकदम बॅटरीला टेकली तर अंगठी लाल होते म्हणे, बोटासकट. काढली गुपचूप.

मग लॅपटॉप चालू ठेवून त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली आणि दुसरी इन्व्हर्टरच्या निगेटिव्हवर. १.६. मी म्हटलं हे कमीच आहे ना, बरंय की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना. "अरे ही दोन्ही टोकं एकाच वायरीची, इथे फरकच पडायला नको, शून्याच्या जवळ पाहिजे." मग एक पिन बॅटरीवरच ठेवून दुसरी इन्व्हर्टरकडून इंचाइंचाने मागे सरकवत आणली, १.६, १.६, १.६, आणि निगेटिव्ह वायरी जिथे जोडल्यात त्या तांब्याच्या पट्टीवर टेकवली तर एकदम ०.०२. पट्टीवरच्या बोल्टचं टोक काळं पडलेलं. "लाव बोट." लावलं आणि झटक्यात काढलं, चांगलंच तापलेलं. स्प्रिंग वॉशरच नव्हता तिथे, आणि गाडीच्या हादऱ्यांनी नट हळूहळू सैल झालेला. हे वायरिंग कोणी केलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तळ्याकडे बघत होतो.

बॅटरीचं निगेटिव्ह सोडवून पॉलिश पेपरने घासणं, वॉशर टाकणं, १३ चा पाना लावून आवळणं, सगळं मिळून वीस मिनिटं. काका टॉर्च धरून. तेवढ्यात ते म्हणतात, "आमची पैज लागलीये तुझ्यावर. ही म्हणते लेखक आहे, मी म्हटलं घरी भांडून आलाय." चार दिवस पडदे लावून बसलेला माणूस बाहेरून कसा दिसतो हे मला तेव्हा कळलं. आणि मजा म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते, ते मी सांगून टाकलं, का सांगितलं माहीत नाही, मित्रांनाही नव्हतं सांगितलं. काकू नट आवळता आवळता फक्त "हं" म्हणाल्या, सल्ला नाही काही नाही.

परत चालू केलं, लोडवर १२.३, आवाज बंद. मग काम काय करतोस म्हणून काकूंनी हेडफोन घातले आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "हे वाचून होईपर्यंत जातंय की." सेकंदाला १५ ते १७ अक्षरं हा माझा ठोकताळा, मोजलं तर त्या ओळीत २३ भरत होती. अजून तशा ९ सापडल्या. फाइल २ ला पाच कमी असताना गेली.

संध्याकाळी ते निघाले, हॉर्न दिला, मी हात केला, नंबर वगैरे घ्यायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. रात्री अंगठी शोधताना बॅटरीच्या खणात तो १३ चा पाना सापडला, दांड्याला लाल टेप गुंडाळलेला. परत द्यायचा तर कुठे देणार? गेल्या महिन्यात एका थांब्यावर एक मुलगा विचारत आला, १३ चा पाना आहे का. आहे म्हटलं, पण हातात नाही दिला, स्वतःच घेऊन गेलो त्याच्याबरोबर.