तीन झाल्या की बंद कर

वाफेच्या यंत्रांची कादंबरी वाचावी ती दुपारीच. धुराने काळवंडलेलं शहर, पितळी चाकं, मंत्र येणारी सोळा वर्षांची मुलगी, जुलमी सरदार, उठावाची कुजबुज. मग ती मुलगी गोदामात गार पडलेल्या इंजिनावर चढते, दांडा खेचते, आणि इंजिन धडधडत भिंत फोडून बाहेर! नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून शिट्टी होते आणि सगळा रंग उतरतो.

कुकरच्या घरात वाढलेल्या वाचकाला इथे फसवणं अवघड. तळाशी दोन वाट्या पाणी, वर वरणभाताचे डबे, गॅस मोठा. तरी पहिल्या शिट्टीला आठ-दहा मिनिटं जातात. इंजिनाच्या पोटात काही टन पाणी. गार इंजिनाला वाफ धरायला 4-6 तास, मोठ्या धुडाला अख्खी रात्र. घाई केली तर पत्रे कमीजास्त तापतात आणि नळ्यांचे सांधे गळू लागतात. आग मंत्राने पेटली, मान्य. पाणी कोणी भरलं?

कुकर आणि इंजिन तसे एकाच घरातले. 1679 मध्ये डेनी पापँ या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं. ते फुटू नये म्हणून त्याने दांड्याला वजन टांगलेली झडप बसवली. आपली शिट्टी तिचीच नात. 1682 मध्ये सोसायटीच्या सभासदांना त्यातलं जेवण मिळालं, हाडं चीजसारखी मऊ झालेली. पापँ प्रोटेस्टंट. 1685 मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने त्या पंथाचं उरलंसुरलं स्वातंत्र्य काढून घेतलं आणि त्याची मायदेशाची वाट बंद झाली. 1690 मध्ये त्याने जर्मनीतून वाफेने दट्ट्या उचलण्याची कल्पना छापली. धर्मामुळे देशाला मुकलेला, हाडं शिजवणारा यंत्रकार! कादंबरीला आणखी काय हवं? पण लेखकांना चष्मे आणि घड्याळाची चक्रंच फार आवडतात.

कुकरमधलं पाणी आटलं की झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. इंजिनातही भट्टीच्या छताला शिशाची गुडदी असते. छतावरचं पाणी उतरलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि ड्रायव्हरला कळतं, काय चुकलं ते. डाळ अर्ध्याच्या वर भरली की फेस शिट्टीत अडकतो आणि ओट्यावर पिवळा सडा पडतो. बॉयलरचंही तेच. पाण्यात तेल किंवा साबण गेला की फेस होतो, वाफेबरोबर पाणी दट्ट्याच्या सिलिंडरमध्ये शिरतं. वाफ दबते, पाणी दबत नाही. दट्ट्या त्यावर आदळतो आणि सिलिंडरचं झाकणच फुटतं. म्हणजे बंडखोरांना दारूगोळ्याची गरजच नव्हती. पाण्याच्या टाकीत साबणाच्या चार वड्या पुरल्या असत्या. पण साबणाच्या वड्यांवर प्रकरण कोण लिहिणार!

जादूपेक्षा आवाजाचा वैताग खरा वाटतो. 1831 मध्ये अमेरिकेत ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्लस्टन’ नावाचं इंजिन फुटलं. झडपेतून सुटणाऱ्या वाफेची फुसफुस असह्य झाली म्हणून भट्टी सांभाळणाऱ्याने झडप दाबून धरली, असं सांगतात. सुट्टीच्या दुपारी शिट्टीने दचकलेल्या कोणालाही तो माणूस परका वाटणार नाही.

तर ती मुलगी. शंभराव्या पानावर ती किल्ल्याच्या तटावर पोचली आहे, खाली फौज, हातात निळी ज्योत, आणि आतून हाक येते, ‘‘किती झाल्या रे?’’

दोन. नाही, तीन. मधली ती फुसकी धरायची का?