साडेसहाला दार बंद

आमच्या चित्रपट मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दीपप्रज्वलन, अहवाल, जमाखर्च सगळं रीतसर होतं. पण माणसं येतात संध्याकाळच्या खेळासाठी. गेल्या वर्षी दिग्दर्शक हिचकॉकचा १९६० सालचा थरारपट ‘सायको’ होता. बहुतेकांनी तो टीव्हीवर पाहिलेला. मीही.

खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, हा नियम खुद्द हिचकॉकने थिएटरवाल्यांना घालून दिला होता. आम्हीही साडेसहाला दार लावलं. सात-आठ सभासद पावणेसातला आले आणि रुसून परत गेले. मला अजून वाईट वाटतं. वर्षातली एक संध्याकाळ, तीही वेळेवर देता येऊ नये?

न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला सगळे दचकले. संगीतकार हरमनची ती किंचाळणारी व्हायोलिनं मोठ्या स्पीकरवर अंगावर येतात. हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं, हे मागाहून सरांनी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. पण खरी शांतता पसरली ती पुढे. मोटेलवाला नॉर्मन प्रेत ठेवलेली गाडी दलदलीत ढकलतो, ती बुडता बुडता मध्येच थांबते, आणि अख्खं सभागृह श्वास रोखून बसतं.

खेळानंतर पहिल्यांदाच सिनेमा पाहणारे बोलतात. मेळाव्यातला हा भाग मला दरवर्षी हलवून जातो. गेल्या वर्षी अकरावीतली एक मुलगी उठली. हातातला माईक थरथरत होता. म्हणाली, “गाडी थांबली तेव्हा मला वाटलं, बुडू दे लवकर. मी त्याच्या बाजूची कधी झाले?” चाळीस वर्षं सिनेमा शिकवलेले आमचे सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी तिला नमस्कार केला. माझे डोळे भरून आले.

आता आभार, कुणी सुटायला नको. प्रोजेक्टर सांभाळणारे काका, भाडं न घेता स्पीकर देणारे मंडपवाले, बटाटेवडे करणाऱ्या दोघी काकू, खुर्च्या उचलणारी कॉलेजची पोरं, दारावर बोलणी खाऊनही न हललेले वॉचमनमामा. आणि वहिनी. आदल्या रात्री पडद्याचं कापड घरी नेऊन त्यांनी इस्त्री करून आणलं. अहवालात त्यांचा उल्लेख माझ्याकडून राहिला, म्हणून इथे करतो. न्हाणीघराच्या फरशीवर पडलेल्या नायिकेचा, जेनेट लीचा, तो उघडा डोळा पडदाभर दिसला, तेव्हा त्यावर एकही सुरकुती नव्हती.