चाळिशी लागल्यावर लेसर

पोहून वर आलं की मला माझी चप्पल सापडत नसे. लोक हसतात, पण उणे पाच नंबर असलेल्या कुणालाही विचारा. काठावर दहा जोड पडलेले असतात, सगळे सारखेच करडे डाग, आणि ज्या पिशवीत चष्मा ठेवलाय तिथपर्यंत अंदाजानेच चालत जायचं. बाविसाव्या वर्षापासून म्हणत होते, एकदा डोळ्यांचं लेसर करून चष्मा घालवून टाकायचा. मग नोकरी, मग बाळंतपण, मग अंगावर पाजण्याचे दिवस (तेव्हा नंबर हलू शकतो, त्यामुळे डॉक्टर तसंही थांबायला सांगतात) आणि त्यानंतर नुसताच आळस. जाऊन पोचले तेव्हा वय चव्वेचाळीस.

लेकही बरोबर होती. वय एकोणीस, नंबर उणे चार. दोघींचं एकदमच उरकून घेऊ, असा बेत.

बेत पहिल्याच दिवशी फसला. तपासणीच्या आधी दोन आठवडे सॉफ्ट लेन्स वापरायच्या नाहीत, असं बजावलं होतं. लेन्सच्या दाबाने बुबुळाचा (म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पटलाचा, कॉर्नियाचा) आकार किंचित बदलतो आणि मोजमाप चुकतं. कडक लेन्स असतील तर त्याहून जास्त दिवस थांबावं लागतं. लेकीने आदल्याच संध्याकाळी लेन्स घातल्याचं मशीनसमोर हनुवटी टेकवल्यावर कबूल केलं. तिला परत पाठवलं. माझी तपासणी मात्र पुढे चालू राहिली.

प्रकाशाच्या गोल गोल कड्यांकडे बघत बसायचं, की पडद्यावर बुबुळाचा रंगीत नकाशा उमटतो. या टोपोग्राफीत बुबुळ कुठे शंकूसारखं पुढे येतंय का ते कळतं, आणि तसं असेल तर लॅसिकचा, म्हणजे या लेसर ऑपरेशनचा, विषय तिथेच संपतो. मग जाडी. साधारण माणसाची ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, माझी ५०६ निघाली. डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे हिशोब मांडला: कापून उचलायचा वरचा पापुद्रा ११०, पाच नंबर घालवायला त्याखाली कोरायचे साधारण ७०, म्हणजे खाली उरले ३२६. किमान २५० उरायलाच हवेत, आणि ३०० च्या खाली त्या स्वतः जात नाहीत. "बसतं," त्या म्हणाल्या. नंतर खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त ओली व्हायला हवी होती, ती सहावरच थांबली. डोळे कोरडे. माझ्या वयात, विशेषतः बायकांना, हे वाढतच जातं म्हणे. थेंब घालून डोळ्याच्या मागचा पडदाही तपासला, तो ठीक निघाला. पण एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: नंबर गेला तरी डोळ्याचा गोल लांबट तो लांबटच राहतो, त्यामुळे पडद्याची तपासणी आयुष्यभर करत राहायची.

एवढं सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "वाचताना चष्मा काढता का?"

काढते. माझं काम मुद्रितशोधनाचं. गेलं दीडेक वर्ष प्रुफं समोर आली की चष्मा आपोआप कपाळावर जातो. कागद नाकाशी धरला की अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ सगळं लख्ख.

"मग लेसरनंतर काय काढणार?"

खरं सांगते, हा प्रश्न मला बावीस वर्षांत पडला नव्हता. त्यांनी मला माझाच चष्मा लावून, न काढता, पिशवीतलं प्रूफ वाचायला लावलं. एका ओळीवर टिंब होतं. अनुस्वार की शाईचा ठिपका, ते काही केल्या कळेना. "लेसरनंतर तुम्ही कायम अशा," त्या म्हणाल्या. आतापर्यंत उणे पाचमुळे मला बिनचष्म्याचं वीस सेंटिमीटरवर स्वच्छ दिसत होतं, अगदी फुकटात. तो नंबर घालवला की ही सोयही गेली. लेसर होतं बुबुळावर. चाळिशी लागते ती आतलं भिंग ताठर होत गेल्यामुळे, आणि त्याला हे लेसर हातही लावत नाही.

मी आपली वयाची अट शोधत होते. खालची अट पक्की असते: अठरा पूर्ण हवेत, बरेच सर्जन एकवीस धरतात, आणि वर्षभरात नंबर अर्ध्या अंकाहून (०.५) जास्त हललेला नको. वर तशी आकड्याची रेघ नाही. तिथे चाळिशी असते, मग कोरडेपणा, मग मोतीबिंदू. साठीत मोतीबिंदू दिसायला लागला असेल तर बुबुळ कोरत बसण्यात अर्थ नाही. मोतीबिंदू काढताना जे कृत्रिम भिंग बसतं त्यातच नंबरही जातो.

पर्याय बरेच निघाले. आपलं भिंग काढून त्याजागी मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं भिंग बसवणं हा एक, पण तो मला नको असं डॉक्टरांनीच सांगितलं. माझं भिंग अजून थोडंफार काम करतंय, आणि लांबट डोळ्यात ते काढलं तर पडदा सुटण्याचा धोका वाढतो. आयसीएल, म्हणजे आपलं भिंग तसंच ठेवून त्याच्यापुढे बसवलेली लेन्स. ती हवी तर काढता येते आणि पातळ बुबुळवाल्यांना बरी, पण चाळिशीवर तिचाही इलाज नाही. बाहुली आक्रसून काही तास जवळचं दाखवणारे पिलोकार्पिनचे थेंब आहेत, त्यांना अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली; मोठ्या नंबरवाल्यांनी पडदा तपासल्याशिवाय घालायचे नाहीत. आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा, वरून लांबचं नि खालून जवळचं दाखवणारा. त्याचं नाव काढलं की आमच्या घरात मी म्हातारी झाल्याची चर्चा सुरू होते.

राहिली मोनोव्हिजन. एक डोळा लांबचा, एक जवळचा. दोन्ही हातांच्या बोटांचं त्रिकोणी भोक करून दूरचं घड्याळ बघायला सांगितलं आणि एकेक डोळा मिटायला लावला. डावा मिटला तरी घड्याळ जागेवर. उजवा मिटला की पळालं. म्हणजे उजवा मालक. त्याचा नंबर पूर्ण घालवायचा, डाव्यात सव्वा नंबर मुद्दाम शिल्लक ठेवायचा. पण आधी तीन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स घालून तसंच जगून बघा, मग ठरवू.

पहिले चार दिवस वाईट गेले. जिना उतरताना शेवटची पायरी आहे की संपली ते पाय टेकवूनच कळायचं. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांना पिसारे फुटायचे. दुसऱ्या आठवड्यात मात्र मेंदूने कधी तडजोड केली ते लक्षातही आलं नाही. फोन वाचला, मान वर करून फळ्यावरचं वाचलं, आणि मग आठवलं की आपण डोळे वेगवेगळे वापरतोय. दिवसभराची प्रुफं मात्र नुसत्या डाव्यावर होईनात. त्यासाठी हलका वाचायचा चष्मा लागणार हे तेव्हाच समजलं, आणि ते कळूनसवरून मी हो म्हटलं.

आधी तीन महिने कोरडेपणा आवरण्यात गेले. वंगणाचे थेंब, पापण्यांवर ऊन शेक, आणि संगणकासमोर पापण्या मिटायची सवय. पट्टी अकरावर आली तेव्हा तारीख मिळाली.

प्रत्यक्ष ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही. बधिर करणारे थेंब, पापण्या धरून ठेवणारा चिमटा, मग डोळ्यावर दाब येतो आणि काही क्षण सगळं अंधारतं. त्या क्षणी मी टेबलाची कड घट्ट धरली होती. पापुद्रा उचलला की समोरचा दिवा पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसतो. मग टकटक आवाज, जळक्या केसांसारखा वास, डॉक्टरांचं "दिव्याकडे बघा, दिव्याकडेच", आणि मनात वीस मोजून होण्याआधी संपलं. खरा त्रास पुढचे चार-पाच तास झाला, डोळ्यात कांदा पिळल्यासारखा. झोपताना डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या चिकटवायच्या, म्हणजे झोपेत चोळले जात नाहीत.

आज दहा महिने झाले. चप्पल दिसते. रात्रीचे पिसारे कमी झालेत, गेले नाहीत. थेंब अजून पर्समध्ये असतात. परवा बोटात कुसळ गेलं, सवयीने बोट नाकाशी नेलं, तर तिथे नुसता धूसर गोळा. लेकीला हाक मारावी लागली. जुने नंबर, जाडी, नकाशे अशी सगळी फाइल जपून ठेवली आहे. पुढे मोतीबिंदू झाला तर आतल्या भिंगाचा नंबर काढताना कोरलेलं बुबुळ गणित चुकवतं, तेव्हा जुनी मोजमापं उपयोगी पडतात.

लेकीचं बुबुळ जाड, नकाशा उत्तम, पण चौदा महिन्यांत नंबर सव्वातीनवरून चारवर गेलेला. थांबा, असं उत्तर मिळालं. ती आठवडाभर धुसफुसली. मग एके दिवशी कुठूनतरी नंबरचा पोहायचा गॉगल करून घेऊन आली. तो डोळ्यांवर ठेवूनच ती पाण्यातून वर येते आणि सरळ चपलेकडे चालत जाते. असा गॉगल मिळतो हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.